कर्नलची लाट

"अहो, मला दिवस गेल्यात," मी म्हणाले.

निवास मोरीत हात धूत होता. वळू केंद्रावरून आला की तो आधी कोपरापर्यंत हात धुतो, मग बोलतो. त्याच्या हातातला साबण तसाच राहिला. तांब्या बादलीत सोडला, तो बुडाला, तरी निवास वळला नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता, आणि मला वाटत होतं की हा आता वळेल, हसेल, निदान "खरंच?" म्हणेल.

पाठमोराच तो म्हणाला, "कुणाचं?"

मी चुकीचं ऐकलं म्हणावं, तर घरात दुसरा आवाजच नव्हता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात कीर्तनाला गेल्या होत्या. मी भिंत धरली.

"काय म्हणालासा?"

"कुणाचं हाय, म्हणून इचारतोय."

आता तो वळला होता. चेहरा पांढराफटक. माझ्यावर हात उगारला असता तर मी समजू शकले असते, पण तो रागात नव्हता. तोच घाबरलेला दिसत होता.

"तुमचं न्हाय तर कुणाचं असंल? लाज वाटत न्हाय इचारायला?"

"मला हुईत न्हाय, शालन," तो म्हणाला. "मला प्वार हुईत न्हाय. मी बघितलंय."

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. तोंडावर मी त्याला आजही अहो म्हणते, पण लिहिताना नाव घेतलं तर कुणाची हरकत नसावी. निवास बारावी झालेला आणि गावाबाहेरच्या माळावरच्या वळू केंद्रात लॅबमध्ये मदतनीस होता. केंद्रात मोठमोठे परदेशी वळू. सकाळी त्यांचं रेत काढायचं, तपासायचं, पातळ करून बारीक कांड्यांत भरायचं, आणि गार ड्रममधून त्या कांड्या गावोगावच्या गाईंसाठी पाठवायच्या. निवासचं काम म्हणजे रेताची नळी खिडकीतून लॅबमध्ये घ्यायची, थेंब काचेवर ठेवायचा आणि डॉक्टरसाहेब येईपर्यंत मायक्रोस्कोप तयार ठेवायचा. दहा वर्षांत साहेबांच्या आधी तोच बघायला लागला होता.

आणि त्याला त्या वळूंचं कौतुक किती! जेवताना विषय तोच. कर्नल नावाचा एक काळापांढरा वळू होता, टनाच्या आसपास वजनाचा. "आज कर्नलची काय लाट हुती!" निवास भाकरी मोडत म्हणायचा. लाट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण लाट असली की माल पास आणि लाट नसली की नळी मोरीत, एवढं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. ज्या दिवशी कर्नलची लाट चांगली, त्या दिवशी आमच्या घरात नवरा खुशीत. मी म्हणायचे, "त्या रेड्याची काळजी घेता तेवढी माझी घ्या." तो म्हणायचा, "रेडा न्हवं, वळू." अशी आमची थट्टा चालायची.

मी स्वतः गावच्या दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ फॅट काढायचे. दूध मशीनला लावायचं, आकडा सांगायचा, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. त्या रांगेतल्या बायका मला तोंडावर काही म्हणायच्या नाहीत. पाठीमागे काय म्हणतात ते मात्र मला कळायचं, कारण घरी आत्या तेच तोंडावर म्हणायच्या. सणासुदीला ओटी भरायची वेळ आली की मला हळूच चुलीकडे पाठवायच्या. शेजारणीच्या बाळाला मी घेतलं की "दे हिकडं, तिचा दूध प्यायचा टायम झालाय" म्हणून काढून घ्यायच्या. वांझ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी जेवले नव्हते. पुढं पुढं जेवायला लागले.

तालुक्याला डॉक्टर मगदूम मॅडमकडे मी गेले तेव्हा पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "आधी नवऱ्याची तपासणी करून आण. सोपी असते, दुखत नाही, एका सकाळचं काम. दोन-तीन दिवस संबंध टाळायचा आणि लॅबमध्ये जायचं. बायकोच्या अंगाला सुया टोचण्याआधी ते बघायचं असतं. मूल न होण्यात पुरुषाचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो."

निवासला सांगितलं. त्यानं बरेच दिवस टाळलं, मग एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "करून आलो तपासणी. नॉर्मल हाय." मी पुढं काही विचारलं नाही. मॅडमनी मात्र विचारलं. "कागद कुठाय?" मी म्हणाले, आणते. पुढच्या वेळी पुन्हा कागद, पुन्हा कागद. शेवटी मी त्यांच्याशी भांडले. भर दवाखान्यात म्हणाले, "माझा माणूस खोटं बोलत न्हाय. तुमाला माझं करायचं ते करा." मग त्यांनी नाइलाजानं माझं केलं. सोनोग्राफी, रक्त, आणि तीन महिन्यांपूर्वी गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्सरे. आत रंग सोडून काढतात तो. त्या टेबलावर मी ओठ चावून फोडला होता, तरी ओरडले. नळ्या मोकळ्या आहेत, मॅडम म्हणाल्या, आणि कधी कधी या एक्सरेनंतर दिवस जातात, बघू.

आणि दिवस गेले. त्या दिवशी दुपारी मॅडमनी हसत सांगितलं होतं. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले होते, कुणाला दिसू नये म्हणून.

आणि आता माझ्यासमोर माझा नवरा ओल्या हातांनी उभा होता.

"बघितलंय म्हंजे?" मी विचारलं. "कुठं बघितलंय? लॅबमधी तर नॉर्मल आलं हुतं."

"मी लॅबमधी गेलोच न्हवतो."

"मग?"

"तालुक्याची लॅब आपल्या गावच्या कदमाच्या पोराची हाय. सगळं गाव गोळा झालं असतं. म्हणून मी आमच्या केंद्रावर बघितलं. जेवायच्या सुट्टीत, साहेब नसताना. आमच्या मायक्रोस्कोपखाली." त्याचा आवाज फुटला. "लाट न्हवती, शालन. नावाला सुदीक न्हवती. नुसता घट्ट चिकटा, आन् त्यात मेल्यागत पडल्यालं ठिपकं. तसली नळी आमी वतून टाकतो."

मला काय वाटलं ते सांगायला आजही शब्द जुळवावे लागतात. एका मिनिटात तीन गोष्टी माझ्या अंगावर कोसळल्या होत्या. नवऱ्याला वाटत होतं मी बाहेर गेले. त्याच नवऱ्यानं मला खोटं सांगितलं होतं. आणि ते खोटं खरं धरून मी त्या टेबलावर झोपले होते. कुठल्या गोष्टीवर आधी रडायचं तेच सुचेना, म्हणून मी रडलेच नाही.

"उद्या सकाळी मी केंद्रावर येणार," मी म्हणाले.

"कशाला?"

"तुमच्या सायबांना इचारायला."

"शालन, पाया पडतो. असलं सायबांना..."

"मला इचारताना लाज वाटली न्हाय. आता सायबांपुढं वाटून घिऊ नका."

त्या रात्री आम्ही एका खोलीत झोपलो, पण बोललो नाही. सकाळी मी डेअरीवर दुसरीला बसवलं आणि त्याच्या मागोमाग माळ चढले.

केंद्रात बाईमाणूस कधी जात नाही. फाटकावरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. आत गोठ्यांतून त्या अवाढव्य जनावरांचे हुंकार येत होते. निवासचे साहेब डॉ. तांबोळी म्हणजे निवृत्तीला आलेले, बुटके, शांत गृहस्थ. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. निवास दाराशीच थांबला.

"साहेब," मी म्हणाले, "कर्नलची लाट मला बघायची हाय."

त्यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ते नाही म्हणाले नाहीत. नुकतीच नळी आलेली होती. त्यांनी कोमट काचेवर थेंब ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. सुरुवातीला धुरकट दिसलं. मग त्यांनी चाक फिरवलं आणि मी दचकून मागे झाले. पुन्हा बघितलं. भात उकळताना भांड्यात जशी घुसळण होते तसं आत चाललं होतं. काळे ढग इकडून तिकडे लोटत होते, एकमेकांवर चढत होते. वेगळा ठिपका म्हणून काही दिसतच नव्हता.

"ही लाट," साहेब म्हणाले. "ही नसेल तर नळी ओतून टाकतो."

मी मान वर करून निवासकडे बघितलं. "सांगा आता."

त्यानं सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि तो हातात धरून बसले.

"किती वेळानं बघितलंस?"

"लगीच. कर्नलचं बघतो तसं. थंड व्हायच्या आत."

"आणि घट्ट होतं? गाठी गाठी?"

"व्हय साहेब."

"अरे बाबा," साहेब म्हणाले, "माणसाचं वीर्य आधी घट्टच असतं. बाहेर आलं की गोठतं. अर्धा तास तसंच ठेवायचं, मग आपोआप पातळ होतं, मग बघतात. तू गोठलेल्यात बघितलंस. त्यात हलणार काय? आणि लाट? माणसाच्यात लाट नसतेच, निवास. असूच शकत नाही. कर्नलच्या एका थेंबात जेवढे असतात त्याच्या विसावा हिस्सासुद्धा चांगल्या धडधाकट माणसाच्यात नसतात. तरी या देशात माणसं काही कमी नाहीत ना?"

माझ्याच तोंडून निघून गेलं, "म्हंजे गाईच्या दुधाला म्हशीचं फॅट लावून बसला व्हय!"

साहेब हसले, लगेच गप्प झाले. निवासनं दाराची चौकट धरली होती.

"मला विचारायचंस रे," साहेब म्हणाले.

"कसं इचारणार, साहेब."

खरंच, कसं विचारणार? हजारो गाईंच्या गाभण राहण्याचा हिशेब त्या खोलीत मोठ्यानं बोलला जायचा. स्वतःबद्दल एक वाक्य बोलायला माणसाला जीभ नव्हती.

"आता बघा," मी म्हणाले.

"काय?"

"यांचं. आताच्या आता."

साहेब गडबडले. "बाई, मी जनावरांचा डॉक्टर. माणसाचा रिपोर्ट मला देता येत नाही. त्याला वेगळी लॅब, वेगळे डॉक्टर. मोजणी असते, आकार बघतात, आणि एकदा करून भागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. ताप येऊन गेला असला तरी फरक पडतो. तालुक्याला जा."

"मला रिपोर्ट नको. मला डोळ्यानं बघायचंय. या खुर्चीत बसून यांनी बघितलं, तिथंच मला बघायचंय."

साहेबांनी उठून कपाटातली एक कोरडी, निर्जंतुक बाटली काढली आणि निवासच्या हातात दिली. "माझ्या बाथरूममध्ये जा. साबण लावू नकोस, पाणी लागू देऊ नकोस. आणि बाई, बघायचं तर बघा, पण याला तपासणी म्हणू नका."

निवासचे कान लाल झाले होते. कर्नलची नळी रोज हातात घेणारा माणूस, पण त्या बाटलीकडे बघवेना त्याला. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. काही वेळानं तो आला, बाटली कोमट प्लेटवर ठेवली, आणि साहेब म्हणाले, "आता अर्धा तास. बाहेर जाऊन बसा."

गोठ्यासमोर सुबाभळीच्या खाली एक बाक होता. आम्ही दोन टोकांना बसलो. समोर कर्नल उभा होता. नाकात वेसण, डोळ्यांवर माश्या. काल रात्रीपासून मी ज्याच्यावर जळफळत होते तो हाच. शांतपणे चारा खात होता.

"तुमी मला नॉर्मल हाय म्हणून सांगितलंसा," मी म्हणाले.

"व्हय."

"आन् आत्या मला वांझ म्हणायच्या तवा तुमी भाकरी खात बसायचासा."

त्यानं मान हलवली.

"एक्सरेला मी गेले. रंग सोडला तवा मी वरडले. तुमी बाहेर बाकावर हुता. ऐकू आलं?"

"आलं."

"मग?"

"मग काय, शालन? माझ्यात दम न्हवता."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच. हात उचललाही असेल मी, पण तो विचार मागं पडला, कारण दुसरी एक गोष्ट मला आठवली.

दीड वर्षापूर्वी आत्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. त्यांच्या भावाची मुलगी होती. पोरगी गुणाची, घरचीच, शालनलाबी हितंच राहू दे, असं सगळं ठरवून त्या बोलत होत्या. मी दाराआड भाकऱ्या थापत होते. निवासनं ताट बाजूला सारलं होतं. "दुसरं लगीन मी करणार न्हाय," तो म्हणाला होता. "ह्यो विषय परत निघाला तर मी ह्या घरात जेवणार न्हाय." तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी दिवस काढले. आत्या काही बोलल्या, बायका रांगेत कुजबुजल्या, टेबलावर कळ आली, की मी ते वाक्य मनात म्हणायचे. बाकी काही नसलं तरी माझ्याजवळ ते होतं.

"एक इचारते," मी म्हणाले. "खरं सांगा. आत्यांना तुमी दुसऱ्या लग्नाला न्हाय म्हणालासा. ते तुमी हितं काचंखाली बघायच्या आधी, का नंतर?"

त्यानं मान फिरवली. मला उत्तर कळलं. तरी मी मनात म्हणत होते, आधी म्हण. आधी म्हण. खरं-खोटं मला कधी कळलं नसतं. त्यानं आधी म्हटलं असतं तर मी आयुष्यभर मानलं असतं.

"नंतर," निवास म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी."

"म्हंजे माझ्यासाठी न्हाय."

"न्हाय. भ्यालो हुतो. दुसरीलाबी झालं नसतं म्हंजे सगळ्या गावाला कळलं असतं."

मी कर्नलकडे बघत राहिले. काल त्यानं विचारलेला प्रश्न मला लागला होता, पण हे त्याहून वाईट होतं. तो प्रश्न एका दिवसाचा होता. हे माझं दीड वर्ष होतं. मी उठून गोठ्याच्या कडेला जाऊन ओकले. दिवस गेले होते म्हणून, की याच्यामुळं, कोण जाणे. निवास पाणी घेऊन आला. मी त्याच्या हातातून घेतलं नाही. त्यानं तांब्या बाकावर ठेवला, मग मी घेतला.

"खोटं बोलला असतासा तर चाललं असतं," मी म्हणाले.

"लई बोललो," तो म्हणाला. "आता नगं."

खिडकीतून साहेबांनी हाक मारली.

त्यांनी थेंब काचेवर ठेवून, भिंग बदलून तयार ठेवलं होतं. स्वतः बघितलं होतं की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. निवास सवयीनं पुढे झाला.

"थांबा," मी म्हणाले. "आधी मी."

मी डोळा लावला. लाट नव्हती. ढग नव्हते. मोकळं, उजळ मैदान होतं, आणि त्यात बारीक बारीक ठिपके. काही जागेवर पडलेले, काही स्वतःभोवती गोल फिरत असलेले, आणि बाकीचे, पुष्कळ, शेपट्या हलवत सरळ पळत सुटलेले. एक इकडून आला आणि पार त्या टोकाला निघून गेला. दुसरा त्याच्या मागे. कुठं चाललेत त्यांनाही माहीत नसावं, पण पळत होते. माझा हात आपोआप पोटावर गेला.

किती वेळ बघत होते कोण जाणे. मी बाजूला झाले तशी निवासनं वाकायला सुरुवात केली. मी काचेची पट्टी ओढून काढली आणि खालच्या फिनेलच्या बादलीत टाकली.

"अगं!"

"तुमी बघायचं न्हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. "मागं काचंवर इस्वास ठेवलासा, माझ्यावर न्हाय. आता काच न्हाय. मीच हाय."

"काय दिसलं तेवढं तरी..."

"घरी चला. आत्यांना सगळं सांगा. तुमच्या तोंडानं. मग मी काय बघितलं ते सांगीन. साहेब, तुमीबी सांगायचं न्हाय."

साहेबांनी चष्मा पुसत मान हलवली. बाटली त्यांनी स्वतः उचलली आणि ओतून टाकली.

माळ उतरताना निवास माझ्या मागे होता. त्याला वाटलं असतं तर तो परत फिरून साहेबांना विचारू शकला असता. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. तो आवाज थांबेल, असं मला प्रत्येक वळणावर वाटत होतं. थांबला असता तर मी सरळ स्टँडवर जाऊन माहेरची गाडी धरणार होते. नेसत्या लुगड्यावर. मनाशी पक्कं केलं होतं. आवाज घरापर्यंत आला.

आत्या उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत बसल्या होत्या. दोघांना अवेळी बघून त्यांनी सूप बाजूला सारलं. "काय झालं? नोकरी गेली व्हय?"

निवास त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मी दारातच उभी राहिले.

"आई, मी तपासणी केली, नॉर्मल हाय, असं शालनला सांगितलं हुतं. ते खोटं हुतं. मी गेलोच न्हवतो. दोष माझ्यातच हाय असं मला वाटत हुतं, आन् तरीबी तू तिला बोलत हुतीस ते मी बोलू दिलं. वांझ म्हणू दिलं."

आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दोष? तुझ्यात?"

"वाटत हुतं. असंलबी. मला ठावं न्हाय."

"कायबी बरळू नगस. आपल्या घरात असलं कुणाला न्हाय."

"आन् शालनला दिवस गेल्यात," निवास म्हणाला.

आत्या आधी त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. चेहऱ्यावर आनंद यायला लागला होता तो मध्येच थांबला. त्या अडाणी होत्या, पण बेरीज-वजाबाकीला पक्क्या. त्या हळूच म्हणाल्या, "मग प्वार कुणाचं?"

एका दिवसात हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मी दाराची कडी धरली. निवासनं माझ्याकडे बघितलं. काचेखाली काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. अर्ध्या तासानं पातळ होतं आणि लाट नसली तरी चालतं, एवढंच त्याला माहीत होतं. बाकी काही नाही.

"माझं," तो म्हणाला.

"कशावरनं?"

"शालन म्हणती म्हणून."

आत्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं, पण त्या शेंगा फोडत नव्हत्या, नुसत्या चाळवत होत्या. मी आत गेले आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. निवास मागोमाग आला, भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं काही विचारलं नाही. आधण उकळायला लागलं तरी विचारलं नाही.

मी त्याच्यापुढे कपबशी ठेवली.

"पळत हुते," मी म्हणाले. "लाट न्हवती. पण पळत हुते."